थाळी गुणिले तीन

"गाडीतनं येतात आणि फुकटचं धान्य घेऊन जातात? मग ते गरीब कसले गं?"

सांगलीहून मावशी विचारत होती. न्यू जर्सीत शनिवारची सकाळ, पावणेआठची वेळ, थंडी शून्याखाली सहा. एका चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये मी भावाचं जाड जॅकेट घालून उभी होते आणि मोबाइल फिरवून तिला रांग दाखवत होते. रांग गाड्यांची होती, पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली. एकेक गाडी पुढे सरकायची, डिकी उघडायची, आम्ही दोघी-तिघी मिळून आत खोकं ठेवायचो. बटाटे, कांदे, राजम्याचे डबे, पीनट बटर, दूध, बर्फ झालेली कोंबडी. डिकी बंद केली की पुढची गाडी. २०२५ च्या फेब्रुवारीतले चारही शनिवार मी तिथे हे काम केलं.

मावशीचा प्रश्न अजाणतेपणातून आलेला नव्हता. ती ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तिने दोन वाड्या दारोदार पालथ्या घातल्या होत्या. १३ मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जमीन किती, घर कसलं, अंगावर घालायला कपडे किती, दोन वेळचं पोटभर मिळतं का, घरात पंखा-रेडिओ-टीव्ही-कुकर यांपैकी काय आहे. जितके गुण कमी तितकं घर गरीब. चारचाकी असलेलं घर त्या तक्त्यात थेट शेवटच्या, चार गुणांच्या रकान्यात जायचं. गरिबी कागदावर कशी उतरवतात हे मावशीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिच्या हिशेबात माझ्यासमोरच्या रांगेत एकही गरीब नव्हता.

मी तिला म्हटलं, "संध्याकाळी सांगते." त्या संध्याकाळी मला काही नीट सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

आधी गाडीचंच बोलू. मी राहत होते त्या गावातून बस सुटते ती न्यूयॉर्कला जाणाऱ्या नोकरदारांसाठी. सकाळी जाते, संध्याकाळी येते. शेजारच्या गावात जायचं तर बस नाही, रस्त्याला फुटपाथ नाही, आणि रिक्षा नावाची गोष्ट नाही. दुकान तीन मैलांवर, शाळेनंतरचं पाळणाघर चार मैलांवर, काम त्याच्याही पलीकडे. अशा ठिकाणी गाडी नसणं म्हणजे नोकरी नसणं. आपल्याकडे शेतमजुराच्या घरात कोयता-खुरपं दिसलं म्हणून कोणी त्याला मालदार म्हणत नाही.

तिसऱ्या शनिवारी करड्या रंगाची एक जुनी टोयोटा आली. डिकीचं कुलूप बिघडलेलं होतं, म्हणून खोकं मागच्या सीटवर, लहान मुलाच्या खुर्चीशेजारी ठेवायचं ठरलं. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. तिनेच सांगितलं, तो गेले आठ महिने लागलेलाच आहे. ती तिशीतली, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, औषधं, जेवणखाण करणारी. काम संपल्यावर आम्ही चर्चच्या हॉलमध्ये कॉफी घेत बसलो आणि मी तिला मावशीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ती रागावली नाही. टेबलावरच्या एका फॉर्मची मागची बाजू तिने पुढे ओढली आणि हिशेब मांडला.

तासाला १७ डॉलर. आठवड्याचे ३५ तास. ४० कधीच मिळत नाहीत. वर्षाचे झाले ३०,९४०. कापून महिन्याला हातात येतात २,३५० च्या आसपास. तळघरातल्या दोन खोल्यांचं भाडं दिव्याबत्तीसकट १,४५०. गाडीचा विमा, पेट्रोल आणि सरासरीने दुरुस्ती ४२०. धाकट्याच्या शाळेनंतरच्या पाळणाघराचे ३८०. फोन ४५. खाली रेघ मारून तिने लिहिलं, ५५. दवाखाना सरकारी योजनेतून होतो. अन्नासाठीचे सरकारी फूड स्टॅम्प मिळतात, ते तिसऱ्या आठवड्यात संपतात. म्हणून ती महिन्याच्या तिसऱ्या शनिवारीच येते. मार्चमध्ये टॅक्सचा परतावा येतो, काही हजार डॉलर, आणि तेवढे दोन आठवडे ती म्हणे श्रीमंत असते. मग वर्षभराची उधारी, टायर, मुलांचे बूट, आणि परत ५५.

सरकारी कागदावर ही बाई गरीब नाही. २०२५ साली तिघांच्या कुटुंबासाठी केंद्र सरकारची मर्यादा होती २६,६५० डॉलर. ती त्या रेघेच्या चार हजारांहून जास्त वर.

ही रेघ कुठून आली, याची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती एका बाईने स्वयंपाकघरातून काढलेली आहे. मॉली ओर्शान्स्की. जन्म १९१५, न्यूयॉर्क. आईवडील युक्रेनमधून आलेले, घरात मुलीच मुली, पैसा कमी. लहानपणी आईबरोबर सरकारी मदतीच्या रांगेत उभं राहिल्याचं ती पुढे सांगत असे. शिकली गणित आणि संख्याशास्त्र. बरीच वर्षं अमेरिकेच्या शेती खात्यात कुटुंबं काय खातात, त्यावर किती खर्च करतात याचा अभ्यास केला आणि मग सामाजिक सुरक्षा खात्यात आली. १९६४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा सरकारी अर्थतज्ज्ञांनी सगळ्या कुटुंबांना एकच आकडा लावला होता, ३,००० डॉलर. घरात दोन माणसं असोत की आठ. ओर्शान्स्कीला हे सहन होण्यासारखं नव्हतं. दोन म्हाताऱ्या माणसांचं घर गरीब ठरायचं आणि सहा पोरांची आई त्याच पैशात सुखवस्तू!

तिने काय केलं? शेती खात्याकडे कुटुंबांच्या आहाराचे काही तयार आराखडे होते. त्यातला सगळ्यात स्वस्त तिने उचलला. खात्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे तो आराखडा अडीनडीचा होता, पैसे तात्पुरते संपलेल्या घरासाठी. मग तिने १९५५ च्या पाहणीतून दुसरा आकडा घेतला: तीन किंवा जास्त माणसांची कुटुंबं उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करत होती. म्हणजे स्वस्तातल्या स्वस्त थाळीचा वर्षाचा खर्च काढा आणि त्याला तिनाने गुणा. चार माणसांच्या कुटुंबाला सुमारे ३,१०० डॉलर आले. कुटुंबाचा आकार, मुलं किती, म्हातारे किती, शेतावर राहतात की शहरात, असे भेद करत तिने १२४ प्रकारच्या कुटुंबांचे वेगवेगळे आकडे मांडले. बाई कुटुंबप्रमुख असेल तर आकडा थोडा कमी, कारण बाई कमी खाते असं तक्ते सांगत होते. हा भेद थेट १९८१ मध्ये काढला गेला.

या गणितात एक न दिसणारी बाई गृहीत धरलेली आहे. ती हुशारीने बाजारहाट करते, काही वाया जाऊ देत नाही, तिन्ही वेळचं घरी रांधते. ओर्शान्स्कीने हे गृहीत उघड लिहून ठेवलं होतं. तिची भूमिका प्रामाणिक होती. किती पुरेसं आहे हे छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर निदान किती नक्कीच अपुरं आहे एवढं तरी सांगावं. देशाची कायमची रेघ आखायला ती बसलीच नव्हती.

रेघ मात्र कायमची झाली. १९६५ मध्ये गरिबीविरोधी कामाच्या नव्या खात्याने ती उचलली, १९६९ मध्ये ती अधिकृत ठरली. मधल्या काळात, १९६८ साली, सामाजिक सुरक्षा खात्यातल्याच लोकांनी वाढत्या राहणीमानाप्रमाणे ती थोडी वर न्यावी असा प्रयत्न केला, आणि अर्थसंकल्प सांभाळणाऱ्या कार्यालयाने तो हाणून पाडला. कारण उघड आहे. रेघ वर गेली की एका रात्रीत गरीब वाढतात, आणि युद्ध पुकारलेल्या सरकारला ते परवडत नाही. तेव्हापासून ही रेघ फक्त महागाईच्या दराने सरकते. मिसिसिपीतल्या खेड्याला आणि मॅनहॅटनला आकडा एकच.

आता त्या तीनच्या पाढ्याकडे पाहा. १९५५ च्या घरात उरलेल्या दोन तृतीयांशात भाडं, कपडे, दिवाबत्ती सगळं बसत होतं. पाळणाघराचा खर्च नव्हता, कारण पाळणाघर म्हणजे आई. आज अमेरिकन माणूस हॉटेलातलं धरूनही हातात आलेल्या पैशातले साधारण ११ टक्के अन्नावर घालवतो. थाळी स्वस्त झाली. थाळीबाहेरचं छप्पर, औषध, मूल सांभाळणं, कामावर पोचणं हे सगळं अंगावर आलं. भाड्याने राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांपैकी जवळपास निम्मी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त भाड्यात घालवतात. टोयोटावाल्या बाईच्या हिशेबात तर अन्नाला ओळच नव्हती, हे मला रात्री त्या कागदाचा मी घेतलेला फोटो पुन्हा पाहताना लक्षात आलं. आधी बाकी सगळं, आणि शेवटी जे उरेल ते अन्न.

मग कोणी म्हणेल, सोपं आहे, अन्न नवव्या हिश्श्यावर आलं तर नवाने गुणा. मीही एका रात्री ते केलं. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं अशा कुटुंबाची २०२३ ची अधिकृत रेघ ३०,९०० डॉलर. तिचा तिसरा हिस्सा १०,३००. त्याची नऊपट ९२,७००. त्या वर्षी अमेरिकेतल्या सगळ्या घरांचं मधोमधचं उत्पन्न होतं ८०,६१०. घरं लहानमोठी असतात हे धरलं तरी देशातली फार मोठी संख्या या मोजमापाने गरीब ठरेल, आणि त्यात ती टोयोटावाली हरवून जाईल. सगळ्यांनाच गरीब म्हटलं की कोणालाच काही द्यायला नको. गोठलेला तीन जितका चुकीचा, तितकाच फुगवलेला नऊ.

गरिबीची मोजणी थाळीपासून सुरू झाली ती ओर्शान्स्कीच्याही आधी. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात चॉकलेटच्या कारखानदारांच्या घरातला सीबोम राउंट्री १८९९ मध्ये कामगारांच्या घराघरांत माणसं पाठवून मोजत होता. शरीर कामाला चालू राहील एवढा आहार, कपडा, छप्पर याचा खर्च त्याने काढला. नवरा-बायको आणि तीन मुलं यांना आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. आणि मग त्यानेच लिहिलं की या पैशात राहणाऱ्या घराने आगगाडीत बसायचं नाही, वर्तमानपत्र घ्यायचं नाही, परगावी गेलेल्या मुलाला पत्र लिहायचं नाही, कारण तिकिटाला पैसे नाहीत. त्याला दाखवायचं होतं की इतकी कठोर रेघ लावली तरी इतके लोक तिच्याखाली आहेत. १९३६ मध्ये तो पुन्हा त्याच शहरात मोजायला गेला, तेव्हा त्याच्या यादीत वर्तमानपत्र आलं होतं, रेडिओ आला होता, भेटवस्तू आल्या होत्या. ३७ वर्षांत माणसाच्या पोटाची भूक वाढलेली नव्हती. माणूस म्हणून जगायला काय लागतं, हे त्या माणसाने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं. मोजणाऱ्याने कसं असावं याचा हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला नमुना.

पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या गरिबीचा जो अभ्यास मांडला, तोही थाळीपासूनच निघाला होता: माणशी रोज २,२५० कॅलरी. त्या काळच्या भारतात ते योग्यच होतं, पोटाचाच प्रश्न होता. पण पुढे सुरेश तेंडुलकरांच्या समितीला २००९ मध्ये कॅलरीचं दावं सोडून शिक्षण-आरोग्याचा खर्च हिशेबात घ्यावा लागला. आणि तरीही २०११ च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात रोजचे ३२ रुपये आणि गावात २६ असं सांगितलं, तेव्हा देशभर संताप उसळला. तो संताप कॅलरीबद्दल नव्हता. ३२ रुपयांत माणूस जिवंत राहील की नाही, यावर लोक भांडत नव्हते. या आकड्यात आमच्या जगण्याचं काहीच नाही, असं लोकांना वाटलं होतं.

पीटर टाउनसेंड या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने चहाचं उदाहरण दिलं होतं. चहात पोषण जवळजवळ नाही. आहारतज्ज्ञाच्या यादीत त्याला जागा नाही. पण आलेल्या माणसाला चहा विचारता येत नसेल तर ते घर कशात मोडतं? हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. घरात साखर नाही म्हणून दाराआड बसून राहिलेल्या बायका आपल्या आज्यांच्या गोष्टींत आहेत. टाउनसेंडच्याही दोनशे वर्षं आधी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने लिननच्या सदऱ्याबद्दल हेच म्हटलं होतं. प्राचीन ग्रीक-रोमन लोक त्याच्याशिवाय आरामात जगले, पण आपल्या काळात साध्या मजुरालाही तो अंगात नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटेल, आणि म्हणून तो गरजेचा.

चारचौघांत. हा शब्द मी या सगळ्या वाचनात इंग्रजीत शोधत होते आणि तो आपल्याकडे होताच. उपाशी माणसाची गरिबी सगळीकडे एकच. श्रीमंत देशातली गरिबी मात्र बहुतेक वेळा पोटाच्या पुढची असते. चारचौघांत उठायला-बसायला, चारचौघांसारखं कामावर जायला, मुलाला चारचौघांच्या मुलांसारखं शाळेत पाठवायला तिथला समाज जी किंमत मागतो, ती भरता न येणं. आणि ती किंमत देश जितका श्रीमंत तितकी वाढत जाते. ज्या देशाने बस बंद केली, त्या देशाने गाडीची अट घातली. ज्या शाळेने गृहपाठ ऑनलाइन केला, तिने इंटरनेटची अट घातली. अटी समाज वाढवतो, आणि मोजपट्टी १९६० च्या दशकातली.

याची एक झलक मला आपल्याच लोकांत दिसली. अमेरिकेतल्या भारतीय घरांचं मधोमधचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या घरात आहे, त्यामुळे मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गरिबीचा विषय काढला की लोक तुमच्याकडे जरा चमकून बघतात. तिथे एका बाईने बाजूला घेऊन आपल्या मैत्रिणीचं सांगितलं. नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी नवी नोकरी शोधायला ६० दिवस असतात. त्यांनी सगळ्यात आधी काय बंद केलं? मंडळात येणं. तिकीट माणशी ३५ डॉलर, घरून एक पदार्थ, कोणाच्या बाळासाठी काहीतरी. त्यांना कोणतीच मोजपट्टी गरीब म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही; त्यांच्याकडे शिल्लक होती आणि नोकरीही पुढे मिळाली. पण पैसा आटला की माणूस कुठून पहिल्यांदा मागे सरतो, ते या घराने मला दाखवलं.

मोजमाप बदललं की काय दिसतं, याचा पुरावा आहे. मला तो या सबंध विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या रेघेवर टीका होऊन होऊन १९९५ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने नवी पद्धत सुचवली, आणि २०११ पासून अमेरिकेचं जनगणना खातं जुन्या रेघेबरोबर दुसरी एक पूरक मोजणी प्रसिद्ध करतं. तिच्यात भाडं त्या त्या भागाप्रमाणे धरतात. फूड स्टॅम्प, टॅक्सचे परतावे, घरासाठीची मदत उत्पन्नात मिळवतात. टॅक्स, पाळणाघर, कामावर जाण्याचा खर्च, दवाखान्यात खिशातून गेलेले पैसे वजा करतात. म्हणजे आमच्या टोयोटावालीने फॉर्मच्या मागे केला तोच हिशेब.

२०२१ मध्ये, कोविडच्या काळात, अमेरिकन सरकारने मुलांसाठीची टॅक्सची सवलत वाढवली. सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ३,६०० डॉलरपर्यंत, त्याहून मोठ्याला ३,००० पर्यंत, आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत त्यातला निम्मा भाग दर महिन्याला थेट खात्यात. ज्यांचं उत्पन्न इतकं कमी की टॅक्सच भरावा लागत नाही, त्यांनाही. पूरक मोजणीप्रमाणे बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली, त्या मोजणीच्या इतिहासातला नीचांक. वर्षअखेर योजना संपली, संसदेने ती पुढे चालवली नाही. २०२२ मध्ये आकडा १२.४ टक्के. एका वर्षात ५० लाखांहून जास्त मुलं परत रेघेखाली.

आता हीच दोन वर्षं जुन्या, अधिकृत रेघेवर बघा. २०२१ मध्ये १५.३ टक्के मुलं गरीब, २०२२ मध्ये १५.० टक्के. जणू काहीच घडलं नाही. कारण जुनी मोजणी टॅक्सच्या आधीचं रोख उत्पन्न मोजते, त्या खात्यात आलेले ३०० डॉलर तिला दिसतच नाहीत, आणि ते थांबले तेही दिसत नाही. लाखो मुलं वर आली आणि बुडाली, आणि देशाची अधिकृत मोजपट्टी जागची हलली नाही. मोजमाप हा तज्ज्ञांचा किरकोळ वाद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे चार आकडे एका ओळीत लिहून भिंतीवर लावावेत.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. शिकागोचे ब्रूस मायर आणि नोत्र दामचे जेम्स सलिव्हन हे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, उत्पन्न विचारू नका, खर्च बघा. सर्वेक्षणात लोक मिळालेली सरकारी मदत कमी सांगतात, हे त्यांनी दाखवून दिलं आहे आणि ते खरं आहे. घरं, एसी, गाड्या, जेवण पाहिलं तर १९६० च्या मानाने तळातलं जगणं खूप सुधारलंय, हेही खरं. पण २०१८ च्या जुलैत व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागारांनी अशाच खर्चाच्या मोजणीवरून गरिबीविरुद्धचं युद्ध बहुतेक जिंकून झालं असं जाहीर केलं, तिथे माझी वाट वेगळी होते. आजचा खर्च क्रेडिट कार्डावरही होतो. आईने दोन नोकऱ्या करून केलेला खर्च आणि एका नोकरीत केलेला खर्च कागदावर सारखाच दिसतो. फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत २०२३ मध्ये ६३ टक्के प्रौढांनी सांगितलं की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर तो जवळच्या पैशातून भागवू. उरलेल्या ३७ टक्क्यांच्या घरीही एसी असेल. पण इंजिनाचा पिवळा दिवा आठ महिने का लागलेला राहतो, हे एसी सांगत नाही.

आणि काही गरिबी पैशाच्या कुठल्याच पट्टीत मावत नाही. अलाबामा राज्यात लाउंड्स काउंटी आहे. तिथली जमीन काळी, चिकण, पाणी न मुरणारी; तीच जमीन जिच्यावर एकेकाळी गुलामांनी कापूस पिकवला. त्या मातीत साधी सेप्टिक टाकी चालत नाही, आणि चालेल अशी यंत्रणा बसवायला हजारो डॉलर लागतात. म्हणून कित्येक घरांचा मैला पाइपने घरामागच्या उघड्या चरात जातो. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या तिथल्याच कार्यकर्तीने हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २०१७ मध्ये तिथल्या काही लोकांची तपासणी झाली, तेव्हा तीनपैकी एकाहून जास्त जणांत हुकवर्म जंताच्या खुणा सापडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे गरिबीविषयक प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन तिथे जाऊन आले, आणि पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आल्यावर अमेरिकेच्या राजदूत निकी हेली यांनी संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेतली गरिबी तपासावी हेच हास्यास्पद ठरवलं. जागतिक बँकेची रोज तीन डॉलरची रेघ या घरांना लावली तर ती सगळी पार होतील. चर मात्र तिथेच राहील.

मग मोजावं कसं? मला पटलेली वाट ब्रिटनमधली आहे. राउंट्रीच्या वडिलांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या मदतीने लफबरो विद्यापीठातले संशोधक २००८ पासून साध्या लोकांचे गट बसवतात. निरनिराळ्या उत्पन्नाचे लोक, एकेक वस्तू घेऊन वाद घालतात: आपल्या देशात आज माणसासारखं जगायला हे लागतं का? जे सगळ्यांना पटतं ते यादीत, नाही पटत ते बाहेर. मग त्या यादीची किंमत काढायची, आणि काही वर्षांनी पुन्हा बसायचं. चैनीच्या गोष्टी यात शिरतील अशी भीती वाटते, पण स्वतःच्या खिशाची जाण असलेली माणसं समोरासमोर बसली की हात आखडताच घेतात. खेड्यातल्या कुटुंबांसाठी असे गट बसले तेव्हा त्यांनी यादीत गाडी घातली. तज्ज्ञांनी नव्हे, बस न येणाऱ्या गावांत राहणाऱ्या माणसांनी. रेघ कुठे मारायची हा शेवटी नीतीचा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यांच्या देखत सुटला पाहिजे. ओर्शान्स्कीचं पाऊल धाडसाचं होतं. तिच्यामागून आलेल्यांनी तिचा आकडा सांभाळला आणि तिची कळकळ सोडून दिली, हा माझा त्यांच्यावरचा आक्षेप आहे. २००६ मध्ये, ९१ व्या वर्षी ती गेली. तिची तात्पुरती रेघ अजून चालू आहे.

मार्चमध्ये मी परत आले आणि सांगलीला गेले. मावशीला तो हिशेबाचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून सगळे आकडे डॉलरमध्येच वाचले, रुपये करून मागितले नाहीत. ५५ वर बोट ठेवून बराच वेळ गप्प राहिली. मग त्या सर्वेक्षणाचं बोलू लागली.

एका घरात एकटी बाई, दोन मुली. मावशी ओसरीवर बसून रकाने भरत होती. पंखा नाही, रेडिओ नाही, टीव्ही नाही. कुकर आहे का, विचारलं तर ती नाही म्हणाली. मावशी तसं लिहिणार एवढ्यात आत चुलीवर शिट्टी झाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाई म्हणाली, बाई, सरपण लांबनं आणायला लागतं, डाळ शिजायला दोन तास लागायचे, मला सातला ऊसतोडीला निघायचं असतं, म्हणून भावानं दिलाय.

"मग?" मी विचारलं.

"लिहिला," मावशी म्हणाली. "खोटं कसं लिहू?"

तिने फोटो पुन्हा मोठा केला.

"त्या पोरीचा फोन आहे ना तुझ्याकडं? विचार तिला, तो दिवा विझला का म्हणावं."

मी त्याच रात्री विचारलं. टॅक्सचा परतावा आला होता. तिने नवे टायर टाकले होते. दिव्याचं तिने लिहिलं, पुढच्या वर्षी.